अंधारातल्या फोटोंसाठी बॉडीवर खर्च करू की लेन्सवर? (फुलफ्रेम मिररलेस)

नेपथ्यवाला

नाटकांचे फोटो काढायला लागून मला नऊ वर्षं झाली. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ. खुर्ची बहुतेक वेळा चौथ्या रांगेतली, कडेची. जुना डीएसएलआर (आत हलणारा आरसा असलेला कॅमेरा) आता बदलायचाच आहे, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा घ्यायचाय, तोही फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. गेल्या महिन्यात मध्यंतरात एका ज्येष्ठ नटांनी मला आत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "तुझ्या कॅमेऱ्याच्या खटक्यावर माझा पॉज तुटतो." त्या रात्री घरी जाताना दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हापासून बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत खेपा चालू आहेत, दोन बॉडी भाड्यानेही आणून पाहिल्या. जो भेटतो तो एकच सांगतो: अंधार असेल तर सोनी ए७एस थ्री. माझं मत असं की फोटोवाल्याला हा सल्ला देणं आता बंद करायला हवं.

हा कॅमेरा २०२० मध्ये आला, १२ मेगापिक्सेलचा. पिक्सेल मोठे म्हणून ग्रेन (फोटोतली खरखर) कमी, हा त्यामागचा समज. पण दोन्ही फुलफ्रेम असतील तर सेन्सरचं (प्रकाश टिपणाऱ्या चिपचं) क्षेत्रफळ तेवढंच, तर त्यावर पडणारा प्रकाशही तेवढाच. सोनीच्याच ए७ फोरचा ३३ मेगापिक्सेलचा फोटो १२ वर आणून शेजारी ठेवलात तर आयएसओ (अंधारात उजेड वाढवून घेण्याचा आकडा) १२८०० पर्यंत मला तरी डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. १२ मेगापिक्सेलमध्ये ए४ प्रिंट उत्तम येते, पण नाटकाच्या जाहिरातीसाठी निर्माता त्याच फोटोतून एकट्या नायिकेचा चेहरा कापून मागतो, तेव्हा हातात काही उरत नाही.

आता लेन्सचं बघा. परवा कंदिलाचा एक प्रसंग होता, बाकी रंगमंच काळा. माझ्या २४-७० झूमवर एफ २.८ (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ १२८००. तोच प्रसंग ८५ च्या एफ १.८ प्राइमवर (झूम न होणाऱ्या लेन्सवर) घेतला तर आयएसओ ५००० वर येतो. हा सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) फायदा आजची कुठलीही फुलफ्रेम बॉडी दुसऱ्या फुलफ्रेम बॉडीवर देत नाही. म्हणून ए७ फोर घ्यावा आणि वाचलेले पैसे प्राइमवर घालावेत, असं मी जवळजवळ ठरवलंय. विरोधी मतं असतील तर हवी आहेत, पण कारणासकट.

गिरगावकर

साफ असहमत. तुमचं सगळं गणित फोटोचं आहे. मी व्हिडिओवाला, आणि धाग्यात तुम्ही 'अंधार' म्हणालात, 'नाटक' नव्हे.

व्हिडिओत शटर आपल्या हातात राहत नाही. २५ फ्रेमला १/५०, संपला विषय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवरचे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/५० सोडून १/६० वर गेलात की मंडपाच्या भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. उरलं काय, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, तोच एफचा आकडा) आणि आयएसओ.

अ‍ॅपर्चरसाठी प्राइम वापरा म्हणता. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगावातल्या खेतवाडीच्या तोंडाशी उभं राहून एकदा लेन्स बदलून दाखवा. मी बदलली होती, दोन वर्षांपूर्वी, टी-शर्टच्या आत हात घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर एफ ११ ला काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळभर ठिपके. आत गुलाल गेला होता. तेव्हापासून मिरवणुकीत एकच झूम, एफ २.८, घरी येईपर्यंत माउंटवरून निघत नाही. शिवाय एफ १.८ ला ढोलाची कड शार्प आणि वाजवणाऱ्याचा चेहरा धूसर, असं फुटेज मला नको. मला दोन्ही हवं.

हॅलोजनची गाडी पुढे सरकली की मागच्या चाळीस फुटांत रस्त्यावरच्या दिव्याखेरीज काही नसतं. तिथे ए७एस थ्री कामाला येतो. एस-लॉग ३ मध्ये (सोनीची व्हिडिओची फिकट रेकॉर्डिंग पद्धत) त्याला दोन मूळ आयएसओ आहेत, म्हणजे जिथे सेन्सर सर्वात स्वच्छ चालतो ते आकडे, ६४० आणि १२८००. गंमत म्हणजे १२८०० चं फुटेज त्याच्या आधीच्या ६४०० पेक्षा स्वच्छ असतं. मी तर मधले आकडे वापरतच नाही. ए७ फोर ४के व्हिडिओत ६० फ्रेमला सेन्सरचा कडेचा भाग कापतो, १.५ पटीने, हळू चालीतली लेझीम अरुंद गल्लीत घ्यायची तर तो कापलेला भाग कुठून आणू?

पहाटवाला

दोघांचंही ऐकलं. माझा अनुभव कुलाब्याच्या ससून डॉकचा, म्हणजे मासळीच्या धक्क्याचा, पहाटे पाचच्या आधीचा. टोपल्या घेऊन बायका समोरून येतात, पाठीमागे एकच बल्ब. तिथे माझे फोटो ग्रेनमुळे कधीच वाया गेले नाहीत, फोकस चुकल्यामुळे गेले.

ग्रेन आता रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर) निघतो, लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून ग्रेन काढणारं एआय डिनॉइज आहे. चुकलेला फोकस कशानेच निघत नाही. म्हणून मी निकॉन झेड६ थ्री घेतला. फोकसची मर्यादा उणे १० ईव्ही (उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार) लिहिलेली आहे, कॅननच्या आर६ मार्क टूची उणे ६.५. हे आकडे एफ १.२ लेन्सवरचे असतात, हे मात्र लक्षात असू द्या. एफ ४ झूम लावून तशी अपेक्षा ठेवाल तर निराश व्हाल. म्हणजे लेन्सचा मुद्दा मला मान्य आहे, पण नेपथ्यवाला यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. उजळ लेन्स आधी फोकसला डोळे देते, आयएसओ नंतर.

(पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. लेन्सवर बाष्प धरतं आणि पहिली पंधरा मिनिटं कुठल्याही कंपनीचा फोकस चालत नाही. बॅग बंदच ठेवून थांबायचं.)

शीवकर

पॅनासोनिक एस५ टूचं नाव कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं. व्ही-लॉगमध्ये (त्यांची एस-लॉगसारखीच पद्धत) ६४० आणि ४००० असे दोन मूळ आयएसओ, आत पंखा, त्यामुळे मे महिन्यात हॉलमध्ये अख्खं लग्न न थांबता रेकॉर्ड होतं. ६० फ्रेमला हाही सेन्सर कापतो हे खरं. पण लग्नातला अंधार ४००० वर भागतो, १२८०० कशाला?

गिरगावकर

@शीवकर, हॉलमध्ये भागतो. वरात रस्त्यावर आली की नाही भागत.

विंगेतून

मी प्रकाशयोजना करते, म्हणून राहवलं नाही. नेपथ्यवाला दादा, तुम्ही ग्रेनवर बोलताय, पण तुमच्या निवडीत मला वेगळीच अडचण दिसते.

तुम्हाला खटका नको, म्हणजे पूर्ण सायलेंट शटर हवं, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक. ए७ फोरला त्या शटरवर सेन्सर वाचायला सुमारे १/१५ सेकंद लागतो. पूर्वी वर टंगस्टनचे पार (तारेचे मोठे दिवे) असायचे, त्यांची तार तापलेली राहते, चालून जायचं. आता निम्म्याहून अधिक दिवे एलईडी, आणि ते मंद करायचे म्हणजे बरेचदा अतिवेगाने चालू-बंद करायचे. मी प्रसंग वीस टक्क्यांवर आणला की हळू वाचणाऱ्या सेन्सरवर आडव्या पट्ट्या उमटतात. चेहऱ्यावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मी विंगेतून फोटोग्राफरच्या मागच्या स्क्रीनवर पाहिल्या आहेत. त्या डिनॉइजने जात नाहीत.

झेड६ थ्रीचा सेन्सर त्या मानाने कितीतरी जलद वाचला जातो. मूळ आयएसओला त्याच्या सावल्या थोड्या खरखरीत येतात अशी तक्रार आहे, पण नाटकात आयएसओ १०० वर कोण काढतं? आर६ मार्क टूमध्ये शटरचा वेग दिव्याच्या लुकलुकण्याशी बारीक जुळवून घेता येतो, तेही चालेल. पट्ट्यांच्या बाबतीत तर तुम्ही नाकारलेला ए७एस थ्रीसुद्धा ए७ फोरपेक्षा बरा.

आणखी एक. माझ्या गडद निळ्या प्रसंगात चेहरे निळे डाग होऊन येतात, त्याचं खापर सेन्सरवर फुटतं. चूक कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची असते. भोवतीचा काळोख बघून तो उजेड वाढवतो आणि निळा चॅनल फुटतो, म्हणजे निळ्या रंगातले बारकावे उडून जातात. एक स्टॉप कमी घ्या, रॉमध्ये घ्या, सावली नंतर वर काढा. तेवढं आजची प्रत्येक बॉडी सोसते.

नेपथ्यवाला

ताई, हे कोणी सांगितलंच नव्हतं. भाड्याने आणलेला ए७ फोर मी घरी पंख्याखाली, ट्यूबलाइटमध्ये तपासला, यांत्रिक शटरवर. सायलेंटवर नाटकात एकदाही नाही. ज्या कारणासाठी बॉडी बदलतोय त्याच कारणावर ती नापास होत असेल तर ए७ फोर बाद.

लेन्सबद्दल मात्र मी मागे हटत नाही. झेड६ थ्री आणि ८५ एफ १.८ या दिशेने वळतोय. कॅननकडे जावंसं वाटत नाही, कारण त्यांच्या आरएफ माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ मध्ये आल्या त्या छोट्या सेन्सरसाठी. मी चांगली लेन्स स्वस्तात शोधणारा माणूस, मला सगळे दरवाजे उघडे हवेत.

गिरगावकर, येत्या शनिवारी माटुंग्याला प्रयोग आहे, निर्मात्याची परवानगी मी काढतो. तुमचा ए७एस थ्री घेऊन या, मी भाड्याने झेड६ थ्री आणतो. एकाच रांगेतून, एकच कंदिलाचा प्रसंग. शटर १/१२५.

गिरगावकर

येतो. पण सगळं १/१२५ वर नाही. अर्धा प्रसंग तुमच्या शटरवर फोटो, अर्धा १/५० वर व्हिडिओ, आणि माझ्या कॅमेऱ्यावर झूमच राहील. तुम्ही प्राइम लावा. लेन्स बदलायची मुभा मला मिरवणुकीत मिळत नाही, तर ती इथेही नको.

विंगेतून

तो प्रसंग अठरा टक्क्यांवर आहे. पट्ट्या आधी तपासायच्या असतील तर दुपारी तीनला या, तेव्हा मी दिवे लावून बघते.