‘एक्स-मेन’ अंक १३७ : जीन ग्रेला मरावेच लागणार होते का?

धागा

मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ या महानायकांच्या कॉमिक्स मालिकेचा सप्टेंबर १९८०चा १३७वा अंक नुकताच पुन्हा वाचला. लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रकार जॉन बर्न, शाईकाम टेरी ऑस्टिन. नेहमीच्या दुप्पट आकाराच्या या अंकात ‘डार्क फिनिक्स’चे (जीनमधल्या फिनिक्स या बेभान झालेल्या अफाट शक्तीचे) कथानक संपते आणि चमूच्या मूळ पाच सदस्यांपैकी एक असलेली जीन ग्रे मरते. हा शेवट संपादकाने लादला आणि त्यामुळे कथा बिघडली, असे मत मी अनेकदा वाचले आहे. माझे मत उलट आहे. शेवट कसा ठरला याची हकीकत काहीही असो, छापला गेलेला शेवट मूळ योजनेपेक्षा अधिक खरा आहे, कारण त्यात अखेरचा निर्णय जीनचा आहे.

मूळ योजना अशी होती. जीनसाठी चंद्रावर झालेली लढाई एक्स-मेन हरल्यावर शिआर या परग्रहीय साम्राज्याचे लोक जीनची मानसिक शक्ती कायमची काढून घेतात आणि ती सामान्य स्त्री होऊन प्रियकर स्कॉटबरोबर घरी परतते. ही पाने रेखाटूनही झाली होती. परंतु १३५व्या अंकात हीच जीन एक तारा गिळते आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज रहिवासी, डी’बारी, मरतात. एवढ्या संहारानंतर तिने सुखाने घरी जावे हे मुख्य संपादक जिम शूटर यांना मान्य झाले नाही. शेवटची पाने नव्याने करावी लागली. १९८४ मध्ये मार्व्हलने मूळ शेवटही ‘फिनिक्स : द अनटोल्ड स्टोरी’ या नावाने प्रसिद्ध केला, त्यामुळे आज दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचता येतात.

तसे वाचताना सर्वांत आधी जाणवते ते हे, की मूळ शेवटात जीन केवळ एक शरीर उरते. तिला पकडले जाते, तिच्यावर प्रक्रिया होते, आणि आपण कोण होतो त्याचा मोठा भाग ती गमावते. या सगळ्यात तिची संमती कोणी विचारत नाही. छापलेल्या अंकात मात्र चंद्रावरच्या त्या प्राचीन अवशेषांत एक्स-मेन एकामागून एक पडत जातात, अखेर स्कॉट आणि जीन दोघेच उरतात, आणि स्कॉट कोसळताच जीनमधली फिनिक्स पुन्हा जागी होते. चमूचे शिक्षक झेवियर आपल्याच विद्यार्थ्यांना तिच्यावर हल्ला करायला सांगतात. ती थोडा वेळ भानावर येते आणि तेवढ्या वेळात ठरवते, की उरलेल्या आयुष्यातला प्रत्येक क्षण स्वतःवर पहारा ठेवत जगणे आपल्याला शक्य नाही, आणि आपला तोल पुन्हा एकदा गेला तर त्याची किंमत दुसरे कोणीतरी देईल. मग ती क्री या परग्रहीय जमातीच्या जुन्या शस्त्रापुढे उभी राहते.

लढाईला उतरताना तिने जुना ‘मार्व्हल गर्ल’चा हिरवा पोशाख घातला आहे, याकडेही लक्ष द्यावे. आपण कोण म्हणून लढणार आणि गरज पडल्यास कोण म्हणून मरणार, हे तिने आधीच निवडले आहे असे मी त्या पोशाखावरून वाचतो. स्कॉटलाही अखेरच्या पानांत तेच उमगते. चंद्रावर पाऊल ठेवल्यापासूनच तिच्या मनात हा मार्ग असावा, असे तो म्हणतो. ज्यांना हा शेवट अन्यायाचा वाटतो त्यांनी आपली बाजू मांडावी.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांनी बारकाईने वाचले आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. निर्णय जीनचा होता असे म्हणण्याआधी तो निर्णय घेणारे मन कोणत्या अवस्थेत होते ते पाहावे लागेल. हेलफायर क्लब या खलनायकांच्या गटात शिरण्यासाठी भ्रम निर्माण करणारा मास्टरमाइंड अनेक अंक तिच्या मनाशी खेळत होता. अठराव्या शतकातल्या एका खोट्या आयुष्याच्या प्रतिमा तो तिला दाखवत राहिला, त्या आयुष्यात ती त्याची पत्नी होती, आणि या कामासाठी त्याच क्लबच्या एमा फ्रॉस्टने बनवलेले यंत्र त्याच्या हाती होते. ज्या बांधांनी ती फिनिक्सची शक्ती आवरून धरत होती ते बांध त्याने फोडले. १३४व्या अंकात ती डार्क फिनिक्स होते ती या आक्रमणानंतर. पाच अब्जांच्या मृत्यूचा हिशेब मांडताना हा माणूस कुठेच का येत नाही? जीन त्याच्या मनाची राखरांगोळी करते हे खरे, पण ते सूडाचे दृश्य आहे. शिआरांची सम्राज्ञी लिलांड्रा आपल्या जहाजावर जीनवर आरोप ठेवते तेव्हा मास्टरमाइंडचे नावही कोणी घेत नाही, आणि प्रत्यक्ष जीनचे शिक्षक त्याऐवजी द्वंद्वयुद्धाची मागणी करतात. ज्या खटल्यात साक्ष नाही, पुरावा नाही, फक्त कोण अधिक बलवान ते ठरते, त्याचा निकाल आरोपीने स्वतःवर बजावला म्हणून तो न्याय ठरत नाही.

याच विश्वातली दुसरी गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ग्रह गिळणे हाच ज्याचा आहार आहे तो गॅलॅक्टस मरणोन्मुख असताना ‘फँटास्टिक फोर’ या चमूचा रीड रिचर्ड्स त्याला वाचवतो, आणि पुढे ‘फँटास्टिक फोर’च्या २६२व्या अंकात, १९८४च्या आरंभी, त्याबद्दल रीडवर खटला चालतो. आरोप ठेवणाऱ्यांत हीच लिलांड्रा आहे, लेखक आणि चित्रकार जॉन बर्नच आहेत, मुख्य संपादकही शूटरच आहेत. तिथे निकाल असा लागतो, की गॅलॅक्टस विश्वाच्या रचनेचा आवश्यक भाग आहे. जगे खाणाऱ्या पुरुषरूपी शक्तीसाठी विश्वाचा नियम शोधला जातो आणि अशाच शक्तीने पछाडलेल्या तरुण स्त्रीला मात्र मरावे लागते. १०८व्या अंकात एम’क्रान स्फटिक सांधून हिनेच सगळे अस्तित्व वाचवले होते, ज्यात लिलांड्राचे साम्राज्यही आले, हे त्या चंद्रावर कोणाला आठवत नाही.

धागाकर्ता

गॅलॅक्टसचा मुद्दा वजनदार आहे, पण त्या दोन प्रसंगांतला फरक अंकांतच आहे. गॅलॅक्टस भुकेसाठी खातो आणि त्याच्याजवळ दुसरा पर्याय नाही. १३५व्या अंकात फिनिक्स तारा गिळते तेव्हा तिला होणारा आनंद क्लेअरमाँट आणि बर्न लपवत नाहीत. त्यानंतर शिआरांचे जहाज समोर येते, ती तेही नष्ट करते. मास्टरमाइंडने बांध फोडले हे मान्य, पण त्यामागून आलेला उन्माद केवळ त्याचा होता असे कथा सांगत नाही. आपल्याला त्या अवस्थेत सुख मिळाले होते आणि ते पुन्हा हवेसे वाटेल, ही जाणीव जीनला अखेरीस सर्वांत जास्त घाबरवते. कारस्थान करणारा दोषी आहे एवढे म्हटल्याने ती भीती जात नाही.

द्वंद्वयुद्धाला न्याय म्हणता येत नाही, हे मात्र मी मान्य करतो. तो अंकाचा कच्चा भाग आहे. झेवियर यांना जीनला वाचवायला वेळ हवा होता आणि लेखकाला लढाई हवी होती, अशी दोन्ही कारणे तिथे एकमेकांत मिसळली आहेत.

प्रतिसाद २

चर्चा शेवटच्या चार-पाच पानांवरच थांबली आहे, म्हणून थोडे इतर पानांविषयी. लढाईच्या आदल्या रात्रीची पाने मला या अंकाचा गाभा वाटतात. शिआरांच्या जहाजावर प्रत्येक जण एकटा बसून विचार करतो, की उद्या आपण जिच्यासाठी लढणार आहोत ती मैत्रीण आहे की संहार करणारी शक्ती. सगळे एकाच निष्ठेने उभे राहतात असे क्लेअरमाँट दाखवत नाहीत. कोणी मैत्रीसाठी थांबतो, तर कोणी मन दुभंगलेले असूनही थांबतो. चमूच्या कथांमध्ये एकजूट बहुधा गृहीत धरलेली असते, इथे ती एकेकाकडून मिळवावी लागते. दुसऱ्या दिवशी ते एकेक करून पडतात तेव्हा प्रत्येकाचे पडणे वेगळे जाणवते, कारण रात्री आपण त्याच्या मनात डोकावलेले असतो. बर्न यांची रेखाटने आणि ऑस्टिन यांची धारदार शाई यांनी त्या ओसाड अवशेषांना जे वजन दिले आहे, तसे त्या काळच्या मासिक अंकांत क्वचितच आढळते.

मूळ शेवट छापला गेला असता तरी ही पाने तशीच राहिली असती, हे लक्षात घ्यावे. म्हणजे या अंकाची ताकद मृत्यूवर अवलंबून आहे असे सरसकट म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ३

मूळ शेवट वाचताना मला अश्वत्थामा आठवला. झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पुत्रांना मारल्यावर पांडव त्याला मारत नाहीत. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि शापित आयुष्य घेऊन त्याला भटकत राहावे लागते. नर्मदेच्या काठी तो जखमेसाठी तेल मागत फिरतो ही कथा आपल्याकडे अजून सांगतात. मणी काढून जिवंत ठेवणे ही मृत्यूहून कठोर शिक्षा आहे हे आपल्या परंपरेला चांगले ठाऊक होते. म्हणून शूटर यांची हरकत मला मुळातच चुकीची वाटते. शक्ती गमावलेली जीन सुटली असती, असे त्यांनी गृहीत धरले. पाच अब्ज जीव गेल्याची आठवण घेऊन, कोणतेही सामर्थ्य नसताना, रोज सकाळी उठणारी स्त्री ही सुटलेली स्त्री आहे काय? त्या जीनच्या कथा पुढची दहा वर्षे लिहिता आल्या असत्या आणि प्रायश्चित्त म्हणजे काय हा प्रश्न या मालिकेला खऱ्या अर्थाने हाताळता आला असता. मृत्यूने तो प्रश्न बंद केला. १३८व्या अंकात अंत्यविधी झाला, स्कॉट चमू सोडून गेला, नवी सदस्य किटी प्राइड दारात आली, आणि डी’बारींचा विषय तिथेच मागे पडला.

धागाकर्ते म्हणतात की मूळ शेवटात जीनची संमती नाही. ते खरे आहे, परंतु शिक्षेला संमती कोणत्या गुन्हेगाराने दिली आहे?

प्रतिसाद १

अश्वत्थाम्याची तुलना मला अर्धीच पटते. त्याने तो रात्रीचा संहार पूर्ण शुद्धीत, सूडाच्या निश्चयाने केला. जीनच्या बाबतीत तोच मुद्दा वादाचा आहे. मात्र जगणे ही शिक्षा असू शकते आणि लेखकांसाठी तोच अवघड व समृद्ध मार्ग होता, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

प्रतिसाद ४

या धाग्यावर १९८६ चा उल्लेख अजून कोणी केला नाही, आणि तो केल्याशिवाय चर्चा अपुरी राहील. ‘ॲव्हेंजर्स’ अंक २६३ आणि ‘फँटास्टिक फोर’ अंक २८६ यांत जमैका उपसागराच्या तळाशी जीन जिवंत सापडते. फिनिक्स ही स्वतंत्र वैश्विक शक्ती होती, १९७६च्या १०१व्या अंकापासून तिने फक्त जीनचे रूप घेतले होते आणि खरी जीन एका कोषात निद्रिस्त होती, असा खुलासा देण्यात आला. हे ‘एक्स-फॅक्टर’ या नव्या मालिकेत मूळ पाच जणांना एकत्र आणण्यासाठी करण्यात आले. कल्पना लेखक कर्ट ब्युसिक यांची होती आणि तिच्यातली खुबी अशी, की जीन निर्दोष असेल तरच परत यावी ही शूटर यांची अट मोडावी लागली नाही. खरी जीन निर्दोष ठरली, कारण संहार तिने केलाच नव्हता.

पण यामुळे धागाकर्त्यांचे सगळे विवेचन कोसळते. चंद्रावर मेलेली व्यक्ती जीन नव्हतीच, तर निर्णय कोणाचा होता? अंकाच्या शेवटी चंद्रावरून सगळे पाहणारा वॉचर सांगतो, की तिला देव होऊन जगता आले असते, पण तिने माणूस म्हणून मरणे निवडले. पुढच्या खुलाशानुसार ती माणूसच नव्हती. शिवाय स्कॉटची जी अवस्था झाली ती वेगळीच. तोवर त्याने मॅडेलिन प्रायरशी लग्न केले होते, त्यांना मुलगा झाला होता, आणि जीन परतल्याचे कळताच तो त्या दोघांना सोडून निघाला. आठवणीतल्या प्रेयसीसाठी व्याकूळ होणारा नायक संसार टाकून जाणारा माणूस झाला. मला १३७व्या अंकाचा शेवट प्रिय आहे, म्हणूनच १९८६च्या निर्णयाचा राग येतो.

धागाकर्ता

प्रतिसाद ४ मधला राग मलाही आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मी स्वीकारणार नाही. १९८० मध्ये ज्यांनी हा अंक लिहिला आणि रेखाटला, त्यांच्यासाठी चंद्रावर उभी असलेली व्यक्ती जीनच होती. संवाद तसे आहेत, पोशाख तसा आहे, १३६व्या अंकात आई-वडिलांच्या घरी परतलेली आणि त्यांच्याशी भांडणारी मुलगीही तीच आहे. सहा वर्षांनंतर वेगळ्या मालिकेच्या गरजेसाठी दिलेला खुलासा मागे जाऊन त्या पानांवरची शाई बदलू शकत नाही. मी १३७वा अंक त्याच्या आधीच्या अंकांसह वाचतो आणि पुढच्या खुलाशाला त्यात जागा देत नाही. मालिकांचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे पटणार नाही याची कल्पना आहे.

प्रतिसाद ३ ला उत्तर देणे अधिक कठीण आहे. प्रायश्चित्ताची ती कथा मलाही वाचायला आवडली असती. परंतु मूळ पानांत तिचे बीज मला दिसत नाही. शक्ती गेलेली जीन स्कॉटच्या मिठीत घरी निघते आणि तिथे सुटकेचा भाव आहे, ओझ्याचा नाही. शूटर यांचे शिक्षेविषयीचे मत मला कठोर वाटते, कारण तुरुंगात जीनचा छळ व्हावा असाही पर्याय त्यांनी सुचवला होता. तरीही त्या पानांत पाच अब्ज मृतांची दखल अपुरी आहे, ही त्यांची जाणीव मला बरोबर वाटते.

प्रतिसाद ३

दखल अपुरी आहे हे मान्य, पण छापलेल्या शेवटाने तरी ती पुरी केली आहे का? त्या प्रसंगी लिलांड्रा आहे, क्री आणि स्क्रल या परग्रहीय जमातींचे निरीक्षक आहेत, वॉचर आहे. डी’बारींच्या बाजूने बोलणारा एकही वाचलेला प्रवासी किंवा परग्रहावर राहणारा व्यापारी तिथे आणता आला असता. तसा एक चेहरा समोर असता, तर जीनला स्वतःच्या भविष्यातल्या भीतीविषयी बोलण्याआधी त्याच्याशी बोलावे लागले असते, आणि मग ती मरते की जगते यापेक्षा ती त्याला काय सांगते हे मला अधिक महत्त्वाचे वाटले असते. दोन्ही शेवटांतली ही उणीव एकच आहे, आणि ती शूटर यांच्यामुळे आलेली नाही. ती क्लेअरमाँट आणि बर्न यांच्या कथेत पहिल्यापासून आहे.