मदत हवी आहे: आपल्या काळ्या कातळात अणुकचरा का पुरत नाहीत? मुलांना नीट कसं समजावू?

लातूरची शिक्षिका

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी प्रकल्पाला 'अणुकचऱ्याची भूगर्भात विल्हेवाट' हा विषय घेतलाय. त्यांचा पहिलाच प्रश्न: तारापूरला हा कचरा काचेत गोठवून थंड करत ठेवतात, मग पुढे तो आपल्याच बेसॉल्टमध्ये खोल का पुरत नाहीत? एवढा टणक दगड पायाखाली असताना सारखी फिनलंडची उदाहरणं कशाला?

'आपल्याकडे भूकंप होतात म्हणून' एवढ्यावर मला हा प्रश्न सोडायचा नाहीये. आतापर्यंत जे जुळवलं ते सांगते.

बेसॉल्टचा विचार जगात खरोखर झालाय. अमेरिकेत हॅनफर्डला, कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमध्ये, साधारण एक किलोमीटर खोलीवर कोठार करता येईल का याचा मोठा अभ्यास झाला. त्यासाठी कोहॅसेट नावाचा एक जाड लाव्हाप्रवाह निवडला होता. प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, पाणी वरच्या आणि खालच्या सच्छिद्र पट्ट्यांतून आडवं जातं, तेव्हा कचरा मध्ये ठेवायचा, असा विचार. १९८६ मध्ये कोठारासाठी निवडलेल्या शेवटच्या तीन जागांत हॅनफर्ड होतं. १९८७ मध्ये कायदा बदलला आणि नेवाडातला यक्का पर्वत तेवढा उरला. त्यात राजकारण होतंच, पण खडकानंही त्रास दिला होता. त्या खोलीवर आडवा ताण इतका, की बोअरमधून काढलेल्या कोअरच्या, म्हणजे दगडाच्या गोल दांड्यांच्या, आपोआप चकत्या पडायच्या. अशा खडकात बोगदा खणला तर भिंतीच फुटून अंगावर येण्याची भीती. शिवाय भूजलाचा प्रश्न होताच.

आता आपल्याकडे. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा बेसॉल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग जुना पायाखडक. जगातली बहुतेक कोठारं चारशे ते हजार मीटरवर आखलेली आहेत. म्हणजे आमच्या भागात त्या खोलीवर गेलो तर बेसॉल्ट संपलेलाच असेल! कोयनेला बेसॉल्ट किलोमीटरहून जाड आहे, पण तिथं धरण भरल्यापासून जमीन शांत नाही. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. ९३ साल इथं घराघरात माहीत आहे.

अडलंय ते असं. प्रवाहाचा घट्ट गाभा म्हणतात तो पाण्याच्या दृष्टीनं खरोखर किती घट्ट असतो? प्रत्यक्ष खोदकाम केलेल्या कुणाचा अनुभव हवाय. दुसरं, स्वीडनमध्ये अणुकचरा ठेवायच्या तांब्याच्या डब्यांवरून जो वाद झाला, त्याचा शेवट काय झाला? आणि वर्गात करता येईल असा एखादा साधा प्रयोग कुणी सुचवेल का? जाणकारांनी कृपया वेळ काढावा.

सह्यकडा

ताई, घाटातल्या बोगद्यांवर बरीच वर्षं काम केलंय, तेवढ्यापुरतं सांगतो.

गाभ्यातला दगड हातात घेतलात तर त्यातून पाणी जात नाही. पण डोंगरात तो अखंड नसतो. लाव्हा थंड होताना उभे सांधे पडतात. बरेचसे सांधे दुय्यम खनिजांनी भरलेले असतात, काही मोकळे असतात. बोगद्याचं तोंड कितीतरी अंतर कोरडं चालतं आणि एका ब्लास्टनंतर एखाद्या सांध्यातून धार सुटते. दोन प्रवाहांच्या मधला तांबडा बोल, म्हणजे मातीसारखा मऊ थर, हा आणखी त्रासाचा, पाणी लागलं की सुटतो. डाइक, म्हणजे प्रवाहांना छेदून घुसलेली लाव्हाची भिंत, आडवी आली की तिच्या कडेनं पाणी ठरलेलं. हे आधी कळावं म्हणून आम्ही पुढे तपासणीची भोकं (प्रोब होल) मारतो, तरी सगळं कळत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा फरक मुलांना सांगा. आमच्या बोगद्यात पाणी आलं तर ग्राउट करतो (भेगांत सिमेंट दाबून भरतो), गटार काढतो, पंप लावतो, आणि माणूस कायम तिथं असतो. कोठार एकदा बंद केलं की पंप नाही, माणूस नाही. हळूहळू सगळी पोकळी पाण्यानं भरणार हे धरूनच आराखडा करावा लागतो. त्यामुळे 'पाणी येईल का' यापेक्षा 'आलेलं पाणी किती वेगानं, कुठल्या वाटेनं बाहेर पडेल' हा खरा प्रश्न.

त्यात खोदकामही भर घालतं. सुरुंगानं बोगद्याभोवती नव्या बारीक भेगांचा पट्टा तयार होतो आणि तो बोगद्याच्या लांबीभर सलग जोडला गेला तर पाण्याला आयती वाट. तपासणीसाठी घेतलेली बोअर नीट बुजवली नाहीत तर त्याही वाटाच. जागा जितकी जास्त तपासाल तितकी भोकं जास्त, हा पेच आहे.

स्टॉकहोमकर

तांब्याबद्दल मी सांगते, इथं ही चर्चा जवळून पाहिली आहे.

स्वीडन आणि फिनलंडची पद्धत एकच. वापरलेलं इंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात, त्यावर ५ सेंटीमीटर जाड तांबं, भोवती बेंटोनाइट माती, आणि हे सगळं चारशे-पाचशे मीटर खाली जुन्या स्फटिकी खडकात. तिथल्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, म्हणून तांबं टिकेल हा पाया. २००७ मध्ये इथल्या राजेशाही तंत्रविद्यापीठातल्या हुल्टक्विस्ट आणि साकालोश यांनी प्रयोग मांडला, की ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध पाण्यातही तांबं गंजतं आणि हायड्रोजन सुटतो. मग पुष्कळ वर्षं उलटसुलट प्रयोग झाले. जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयानं सरकारला कळवलं, की डब्यांबद्दलच्या शंका फिटल्याशिवाय परवानगी देऊ नये. किरणोत्सर्ग सुरक्षा प्राधिकरणाचं मत मात्र अनुकूल होतं. कोठार बांधू पाहणाऱ्या कंपनीनं पुढचे अहवाल दिले आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं फोर्समार्क इथल्या नियोजित कोठाराला मंजुरी दिली. टीकाकारांचं समाधान झालेलं नाही, हेही मुलांना सांगा.

मला स्वतःला शुद्ध पाण्यापेक्षा सल्फाइडची काळजी जास्त वाटते. सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि ते तांब्याला खातं, यावर कुणाचाच वाद नाही. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं, दाटतं, जिवाणूंना आत जागा उरत नाही. म्हणजे डबा मातीवर अवलंबून. आणि माती पाण्यावर. इथं पुढचं हिमयुग गृहीत धरावं लागतं. बर्फ वितळून क्षार नसलेलं पाणी भेगांतून खोल उतरलं, तर ते माती धुऊन नेऊ शकतं. वर बर्फाचं वजन, आणि ते वितळल्यावर जमीन उसळून भ्रंश (खडकातल्या मोठ्या भेगा) सरकणं हेही आहे. उत्तरेतला पॅर्वी भ्रंश असाच हिमयुगाच्या शेवटी सरकलेला, दीडशे किलोमीटर लांब. म्हणून डब्याच्या भोकाला मोठी भेग छेदत असेल तर ती जागा सोडून द्यायची असा नियम आहे.

लाख वर्षांची खात्री प्रयोगशाळेत मिळत नाही, म्हणून जुन्या वस्तू तपासतात. १६७६ मध्ये बाल्टिकमध्ये बुडालेल्या 'क्रोनान' जहाजाची काशाची तोफ तोंडाकडून चिखलात रुतलेली सापडली. काशात बहुतांश तांबंच असतं, म्हणून ती किती गंजली हे मोजून तांब्याच्या अंदाजाला आधार घेतला गेला. त्याहून मोठा दाखला गॅबनमधल्या ओक्लोचा. तिथं सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात आपोआप अणुभट्टी पेटली होती. १९७२ मध्ये ते उघडकीस आलं. प्लुटोनियम जिथं तयार झालं जवळपास तिथंच राहिलं असं दिसतं.

मानस_७

मिठाच्या खाणी का नकोत? तिथं पाणीच नसतं ना?

स्टॉकहोमकर

मीठ चांगलं आहे, पण जागा चांगली हवी. जर्मनीतल्या आसे खाणीत १९६७ ते १९७८ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास पिंपं ठेवली. ती आधीची मीठ काढलेली खाण, दालनं मिठाच्या कडेला फार जवळ खणलेली. १९८८ पासून बाहेरचं पाणी आत येतंय, आता सगळी पिंपं परत वर काढायचं ठरलंय. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत ६५५ मीटर खाली मिठातच कोठार चालू आहे आणि तिथलं मीठ भक्कम आहे. २०१४ मध्ये तिथं गळती झाली ती खडकामुळे नव्हे. एका पिंपात नायट्रेट क्षारांबरोबर सेंद्रिय शोषक पदार्थ भरला गेला, तो तापून पिंप फुटलं.

लातूरची शिक्षिका

सह्यकडा सर, स्टॉकहोमकर ताई, खूप आभार. 'पंप नाही, माणूस नाही' यावरूनच आता तास सुरू करणार. मुलांना वाटतंय तसा टणकपणा हा निकष नाही. पाणी, ताण आणि त्या खोलीवर नेमका कुठला खडक, हे आधी बघायचं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे एक किलोमीटर खाली हीटर ठेवून खडक कसा वागतो ते पाहिलं होतं, तोही खडक अँफिबोलाइट (एक रूपांतरित खडक), बेसॉल्ट नव्हे. हेही दाखवीन.

प्रयोगाचं तेवढं राहिलं. बेंटोनाइट फुगताना मुलांना दाखवायचंय. लातूरात मिळेल?

सह्यकडा

अर्थिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल, नाहीतर पायलिंगचं काम चालू असेल तिथं मागा. सोडियम बेंटोनाइटच घ्या, कॅल्शियमचं फारसं फुगत नाही. अर्थिंगच्या पिशवीत मीठ किंवा कोळसा मिसळलेला नाही ना, ते बघून घ्या. एका उभ्या काचनळीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं, आणि दोन्हींत चिमूट चिमूट सारखीच पूड हळूहळू सोडा. दुसऱ्या दिवशी उंची मोजा. खारट पाण्यात कमी फुगते, तिथून भूजलाच्या रसायनाकडे वळता येईल. आणि आपल्याकडचं बेंटोनाइट बहुधा कच्छचं असतं. ते दख्खनच्याच बेसॉल्टचं रूपांतर होऊन झालंय, हे मुलांना जरूर सांगा.