भैकेर, बेडूकमासा की बेडकाची पोरं?

सड्यावरची
देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात दुपारचा एक तास वाचनालयात मुलांसाठी राखलेला असतो. यंदा मुलांनी पोकेमॉन या जपानी खेळाचे पत्ते आणले. मुंबईहून आलेल्या भावंडांकडून मिळालेले, सगळे इंग्रजीत. आमची मुलं पाचवी-सहावीची, मराठी माध्यमाची. आकडे वाचतात, चित्र बघतात, मजकूर सोडून देतात. म्हणून मी एकेका जीवाची मराठी चिठ्ठी लिहायला घेतली.

साठ क्रमांकावर अडले. पोलिवॅग. गोल निळं अंग, पांढऱ्या पोटावर काळी गोल गोल रेघ, दोन पाय, शेपूट, हात नाहीत. उंची 0.6 मीटर, वजन 12.4 किलो. मी लिहिलं, 'भैकेरासारखा दिसणारा पाण्यातला जीव'. भैकेर म्हणजे बेडकाचं पिल्लू, इंग्रजीत टॅडपोल. एका मुलीने ते मोठ्याने वाचलं. ओट्यावर पेपर वाचत बसलेले तिचे आजोबा म्हणाले, "भेकरा पाण्यात कधीपासून रवाक लागली?" भेकर म्हणजे जंगलातलं, कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. मी त्यांना चित्र दाखवलं, शब्द पुन्हा उच्चारून दाखवला. ते म्हणाले, "जल्मभर भातशेती केलंय, पायाखाली ही पोरां वळवळताना बघलंय, पण ह्यो शब्द आज ऐकतंय. बेडकाची पोरां म्हण." नात रडवेली झाली, कारण तिच्या पुस्तकात भैकेर आहे आणि दुसरं काही लिहिलं तर गुण जातात.

मला दोघांचंही खरं वाटतंय. तुमच्या घरी काय म्हणतात ते सांगा. आणि पोटावरच्या त्या गोल रेघेला काय म्हणू? भोवरा, वेटोळं, चक्र? शाळा सुरू व्हायच्या आत चिठ्ठ्या पुऱ्या करायच्या आहेत.

अनुस्वार
भैकेर हाच शब्द लिहा. पाठ्यपुस्तकात आहे, विश्वकोशात आहे. संस्कृतात भेक म्हणजे बेडूक, त्यावरून तो आला हे उघड आहे. मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि एकाही मुलाला तो शब्द जड गेला नाही. 'बेडकाची पोरं' हे वर्णन झालं, शब्द नव्हे. उद्या सुरवंटाला 'फुलपाखराचं पोर' म्हणाल का? आजोबांचा गोंधळ मात्रेचा आहे. ऐकार नीट उच्चारला तर भेकर आणि भैकेर कानाला वेगळे लागतात.

खाडीकाठ
सर, मुलांना जड गेला नाही हे मान्य, पण शाळा सुटल्यावर तो शब्द त्यांच्या तोंडात राहिला का? माझ्या नाही राहिला. मी आत्ता हा धागा वाचताना तीस वर्षांनी तो शब्द बघितला.

आमच्या घरात याला वेगळा शब्दच नव्हता. आगोट आली की पहिल्या मोठ्या पावसात रात्री बत्ती घेऊन व्हाळात उतरायचं, चढणीचे मासे धरायला. भाताच्या मळ्यात पाणी साठलं की आम्ही पोरं टॉवेल पसरून दोन टोकं धरायचो. टॉवेलात खवळे आले की आरडाओरडा, आणि ही काळी टिकली आली की "बेडकाची आसत, टाक" म्हणून परत पाण्यात. माझं मत असं की कोकणात जे ताटात येतं किंवा बाजारात जातं त्याच्याच वयाला नावं आहेत. नारळाचं शहाळं, मग अडसर, मग नारळ. फणसाची आधी कुयरी. आंब्याची बाळकैरी, कैरी, मग पाडाला लागलेला. बेडकाच्या पोराचं कालवण होत नाही, म्हणून त्याला नाव नाही.

मृगाचा किडा
कालवणाची गोष्ट पटली नाही. काजव्याचं काय कालवण होतं? वाळवीला पंख फुटून ती दिव्याभोवती येते तेव्हा तिला आमच्याकडे वेगळं नाव आहे. मुलं ज्याच्याशी खेळतात त्यालाही नाव मिळतं. लांज्याकडे आम्ही बेडूकमासा म्हणायचो, आणि बाटलीत घालून खिडकीत ठेवायचो. 'मासा' म्हटलं तरी तो मासा नाही हे प्रत्येकाला माहीत होतं.

आंबोलीघाट
मी पावसाळ्यात बेडकांच्या नोंदी ठेवतो, म्हणून शब्दाआधी प्राण्याबद्दल लिहितो.

त्या पत्त्यावरचं चित्र बघून मला फार आनंद झाला, कारण काढणाऱ्याने खरा जीव हातात घेऊन पाहिलेला आहे. पोटावरची ती रेघ म्हणजे नक्षी नव्हे, आतडं आहे. बेडकाचं पिल्लू शेवाळ खरवडून खातं. तसलं अन्न पचायला लांब आतडं लागतं आणि ते इवल्याशा पोटात गुंडाळून ठेवलेलं असतं. पोटाची कातडी इतकी पातळ की काचेच्या पेल्यात घेऊन खालून बघितलं तर ती गुंडाळी स्पष्ट दिसते. पुढे बेडूक होऊन किडे खायला लागला की तेच आतडं आखूड होतं. खेळाचे जनक सातोशी ताजिरी टोकियोच्या वेशीवरच्या मचिदा भागात वाढले. लहानपणी किडे गोळा करायचे, तळ्याकाठी हिंडायचे. टॅडपोलच्या पारदर्शक पोटात दिसणारी आतड्याची गुंडाळी पोलिवॅगच्या पोटावर आली हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. खेळ जपानात 1996 साली आला, तोवर ती शेतं आणि तळी बुजून इमारती झाल्या होत्या.

आणखी एक. पोलिवॅगला पाय आहेत, हात नाहीत, शेपूट आहे. निसर्गात अगदी असंच होतं. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपूट आटते. खेळात पंचविसाव्या पातळीला त्याचा पोलिव्हर्ल होतो तेव्हा हात येतात आणि शेपूट जाते. इतका अचूक क्रम मी काही शैक्षणिक तक्त्यांवरही चुकलेला पाहिला आहे.

आता शब्द. आंबोलीत खडकावरून पाणी झिरपत असतं, तिथे उडी मारणाऱ्या इंडिराना बेडकांची पिल्लं ओल्या दगडाला चिकटून असतात. तळं नाही, डबकं नाही, नुसता ओला कातळ, त्यावर ती सरपटतात, शेवाळ खातात. त्यांना बेडूकमासा म्हणवत नाही. आणि आंबोलीचा तो पिवळ्या पट्ट्यांचा टोड, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडकाचा भाऊबंद, ज्याची शास्त्रीय नोंद 2009 साली झाली, तो जांभ्यावरच्या बोटभर पाण्यात अंडी घालतो. चार दिवस ऊन पडलं तर सगळी पिढी संपते. या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द हवा असेल तर भैकेर बरा. मी वहीत तोच लिहितो. तोंडाने मात्र पिल्लं म्हणतो.

मचाण
भेक वरून आठवलं. 'भेकड' सुद्धा त्यातूनच आला असणार. पाय वाजला की बेडूक पहिला पाण्यात उडी मारतो. भित्रा माणूस तो भेकड.

अनुस्वार
नाही. भेकडचा संबंध 'भी' धातूशी, भिणे, भय, भित्रा यांच्याशी लावायचा. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती लावली तर भेकर, भेकड, भाकर सगळे एका कुळात येतील. शिवाय मराठी शास्त्रीय लेखनात भेक हा शब्द टोडसाठी राखला आहे, बेडकासाठी नाही.

मचाण
मग भैकेर टोडच्या पिल्लाला म्हणा, बेडकाच्या का म्हणता? तुमच्याच नियमाने शब्द चुकला की.

अनुस्वार
दोन्ही प्राण्यांची पिल्लं एकाच अवस्थेतून जातात, म्हणून अवस्थेला एक नाव. यात विसंगती नाही.

पळीवाढा
मी कामानिमित्त काही वर्षं जपानात आहे, माहेर वेंगुर्ल्याचं. इथे टॅडपोलला ओतामाजाकुशी म्हणतात, आणि तोच शब्द स्वयंपाकघरातल्या पळीला. गोल वाटी आणि लांब दांडा, तळ्यात बघा नाहीतर आमटीच्या टोपात बघा, आकार एकच. गाण्याच्या लिपीतल्या स्वरांच्या खुणांनाही तेच म्हणतात. इंग्रजी पॉलिवॉग म्हणजे मुळात 'डोकं वळवळवणारा', आणि टॅडपोल म्हणजे टोड आणि डोकं. तिघांनीही आकार बघितला आणि जवळचा शब्द उचलला. टॅडपोलमधला टोड सोडला तर कोणी बेडकाची आई शोधायला गेलं नाही.

हे कळलं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती आजीच्या डवलीची. करवंटीला भोकं पाडून त्यात बांबूची दांडी खोचलेली. पेज ढवळायला तीच, वाढायला तीच. उलटी धरली तर हुबेहूब हे पिल्लू. आपल्या किनाऱ्यावर करवंटीची डवली प्रत्येक चुलीजवळ होती, मग 'डवली' हा शब्द व्हाळात का उतरला नाही, याचं मला मनापासून नवल वाटतं.

जपानीत पोलिवॅगचं नाव न्योरोमो आहे. न्योरो न्योरो म्हणजे वळवळ, सुळसुळ. म्हणून चिठ्ठीवर 'वळवळ्या' लिहा असं सुचवते. आजोबांनी स्वतःच 'वळवळताना बघलंय' म्हटलंय, शब्द त्यांनीच दिला आहे.

मृगाचा किडा
आमच्याकडे वळवळे म्हणजे पिंपात साठलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या. मुलं ती पिंपं ओतून द्यायला शिकली आहेत. वळवळ्या म्हटलं की ती याही पिल्लांचं पाणी ओततील. वळवळ्या नको.

तिसरीबाक
मी हा खेळ खेळत मोठा झालोय, रत्नागिरीत, आधी टीव्हीवर हिंदीत बघून आणि मग फोनवर. विनंती आहे, नावाला हात लावू नका. पोलिवॅग हे विशेषनाम आहे. पोकेमॉन गो 2023 साली हिंदीत आला तेव्हाही मित्रांत यावर भांडणं झाली होती. तुमच्या गावातली मुलगी मुंबईच्या भावाला पत्ता देताना 'वळवळ्या' म्हणेल आणि भाऊ 'असा पोकेमॉनच नाही' म्हणेल. अदलाबदल नावावर चालते. याच्याच कुळात तर अदलाबदल महत्त्वाची आहे. पोलिव्हर्लला पाण्याचा दगड दिला तर पोलिरॅथ होतो, आणि किंग्ज रॉक नावाची वस्तू देऊन दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केली तर पोलिटोड, खरा हिरवा बेडूक.

सड्यावरची
नाव पोलिवॅगच ठेवलं आहे. अडले आहे ती खालच्या ओळीवर. डवलीची ओळ मी आजोबांना वाचून दाखवली. ते उठून आत गेले आणि माळ्यावरची काळी पडलेली डवली घेऊन आले. मुलांनी ती पहिल्यांदाच पाहिली. तासाभराचा वर्ग त्यातच गेला, कारण मग करवंट्या शोधणं आणि दांड्या तासणं सुरू झालं.

पोटावरच्या रेघेबद्दल कोणी बोललंच नाही.

खाडीकाठ
भोवरा लिहा. डोक्यावरच्या केसांचा भोवरा, खेळायचा भोवरा, मुलांना कळतो.

राजापुरी
भोवरा लिहू नका, कळकळीने सांगते. आमच्या नदीच्या कोंडीत भोवरा आहे आणि त्यात माझ्या वर्गातला मुलगा गेला. नदीकाठच्या गावात भोवरा हा मुलांना भीती घालायचा शब्द आहे आणि तो भीतीचाच राहायला हवा. पाण्यातल्या गोंडस जीवाच्या पोटावर तो नको. माझ्या घरी दोघांनी हे चित्र बघून लगेच 'चकली' म्हटलं. मुलांनी दिलेला शब्द घ्या.

आंबोलीघाट
राजापुरीताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आतडं आहे म्हटल्यावर मी वेटोळं म्हणणार होतो, पण वेटोळं मराठीत सापाच्या मालकीचं झालंय. बेडकाच्या पोटावर सापाचा शब्द बरा वाटत नाही. चकलीला माझा पाठिंबा.

अनुस्वार
चकली हा पदार्थ आहे, आकाराचं नाव नव्हे. सर्पिल म्हणा.

राजापुरी
सर, सर्पिलमध्येही सापच आहे.

खाडीकाठ
बेडूकमासा या शब्दावर माझी एक हरकत राहिली. पाहुणा माणूस खाडीकाठी आला आणि त्याने चिखलावर निवट्या बघितल्या, तर तो त्यालाच बेडूकमासा म्हणेल. डोळे डोक्यावर वटारलेले, चिखलात उड्या मारतात, परांवर सरकतात, ओहोटीला बिळाबाहेर बसतात. आणि तो खरोखर मासा आहे, आयुष्यभर मासाच राहतो. मग बेडूकमासा हे नाव त्याच्या हक्काचं की डबक्यातल्या पिल्लाच्या?

मृगाचा किडा
निवट्याला त्याचं नाव आहे, त्याला दुसरं कशाला? आणि तुमच्याच नियमाने तो ताटात येतो म्हणून त्याला नाव मिळालं, हे धरून चाला.

तिसरीबाक
आमच्याकडे काळबादेवीच्या खाडीत ओहोटीला मुलं निवट्या धरतात. बिळात हात घालायचा आणि दुसऱ्या तोंडाशी दुसऱ्याने थांबायचं, कारण बिळाला दोन तोंडं असतात. मी एकदा भाच्याला दाखवल्या तर तो म्हणाला, हे खरे पोकेमॉन आहेत.

पळीवाढा
निवट्या की निवटी? माझे सासरे अलिबागकडचे, ते एकाला 'निवटी' म्हणतात आणि अनेकांना निवट्या. आमच्या आईच्या तोंडी 'निवटो' होतं. आणि राखेत घोळवल्याशिवाय तो हातात ठरत नाही, हे दोघेही सांगतात.

खाडीकाठ
एक निवटा, अनेक निवटे, अशीही खाडी मी बघितली आहे. राख नाही, आमच्याकडे तांदळाचं पीठ. राखेने चिखलाचा वास जात नाही.

मृगाचा किडा
राखेनेच जातो, पण राख नारळाच्या सोडणाची हवी, लाकडाची नको. चिंचेचं आगळ किती घालता?

सड्यावरची
काल रात्री पहिला पाऊस झाला. सकाळी ती मुलगी आणि तिचे आजोबा पायरीवर उभे होते, पेल्यात मळ्यातलं पाणी. पिल्लं अजून झालेली नाहीत, नुसती अंड्यांची जेलीसारखी माळ आहे. मी चिठ्ठीवर 'बेडकाचं पिल्लू, पुस्तकात भैकेर' असं लिहिलं आणि पोटाची ओळ कोरी ठेवली आहे, पिल्लं बाहेर आली की पेला वर धरून मुलंच ठरवतील. पण आता आजोबांनी नवा प्रश्न काढला आहे. या अंड्यांच्या माळेला काय म्हणतात? त्यांच्या आईकडे त्याला शब्द होता, आणि तो त्यांना आठवत नाही. कोणाला ठाऊक आहे?

खाडीकाठ
आईला विचारून सांगतो. आणि आगळ चिंचेचं नसतं, कोकमाचं असतं.