मदत हवी आहे : कांद्याला मायकोरायझा लावला, फरक शून्य. कुठे चुकलं?

राम राम मंडळी. चांदवड तालुक्यात अडीच एकर आहे. गेल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून उन्हाळ कांद्याला मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी बुरशी, भुकटीत मिळते) वापरला. ताडून बघायला दोन वाफे मुद्दाम कोरे ठेवले होते. काढणीला ते ओळखूच येईनात. आई म्हणाली, "औषध नक्की कुठल्या वाफ्यात टाकलं होतंस?"

काय केलं ते सांगतो. रोपांच्या जुड्या लागणीआधी घमेल्यात कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवतो, त्याच पाण्यात ही भुकटी कालवली. एका बुडवणीत दोन कामं! लागणीला एकरी दोन गोण्या डीएपी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस जास्त असलेलं खत), दरवर्षीसारखं. आधी त्या तुकड्यात कोबी होता.

माझ्या समजुतीनुसार स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा संपवतं आणि उपाशी बसतं. ही बुरशी केसाहून बारीक तंतू पलीकडे धाडून स्फुरद, जस्त आणते नि बदल्यात पिकाची साखर खाते. कांद्याची मुळं तर वरवरची, मूळकेस नावालाच. मग त्याला ती हवीच ना? माती परीक्षणात सामू (पीएच) ८.१, स्फुरद 'भरपूर'. पाकीट खोटं होतं का? यंदा पुन्हा पैसे घालू का?

प्रतिसाद १ :
दादा, पाकिटाला शिव्या देण्याआधी घमेलं बघा. कार्बेन्डाझिम म्हणजे बुरशीनाशक, त्यातच बुरशी कालवलीत! शिवाय स्फुरद आयता मिळत असला की पीक या पाहुणीला फारसं घरात घेत नाही, त्यात तुम्ही वर डीएपी ओतलं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांच्या मुळांत ती वस्तीच करत नाही, म्हणजे जमिनीतली मूळची बुरशीही कोबीने उपाशी ठेवली.
यंदा घालायचीच तर गादीवाफ्यात बियांखाली घाला, रोप बुरशी घेऊनच शेतात जाईल. डीएपी माती परीक्षण बघूनच. तरी स्फुरद भरपूर असलेल्या रानात मी तरी चार वाफ्यांपुरतीच घेईन. लागली की नाही ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. कृषी विद्यापीठात विचारा.

मूळ धागाकर्ता :
घमेल्याचं डोक्यातच आलं नाही राव. दुकानदार तर ट्रायकोडर्मा म्हणजे पण हेच म्हणत होता.

प्रतिसाद १ :
छे. ट्रायकोडर्मा ही वेगळी बुरशी, ती मुळाशिवायही शेणखतावर वाढते. मायकोरायझाला जिवंत मूळच लागतं.

मूळ धागाकर्ता :
मग एक शेवटचं. आत्ता त्या तुकड्यात बाजरी उभी आहे. तिच्या मुळांवर बुरशी असेल, तर तिचे तंतू तुटू नयेत म्हणून काढणीनंतर खोल नांगरट टाळून नुसती पाळी (वरवरची कुळवणी) घातली तर चालेल का? कुणी करून बघितलंय?