माजी कौन्सिल सदस्य असेंब्लीला उभ्या आहेत, त्यांचं जुनं काम कसं तपासू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. कॅलिफोर्नियात मी यंदा पहिल्यांदाच मत देणार आहे. आमच्या भागातून राज्याच्या असेंब्लीसाठी उभ्या असलेल्या बाई आधी सिटी कौन्सिलवर होत्या. बोलतात छान, घरीही येऊन गेल्या. पण मला त्यांनी तिथे प्रत्यक्ष काय केलं ते बघायचंय, विशेषतः नवी घरं आणि भाडेकरू यांच्याबाबतीत.

१९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे कौन्सिलच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात आणि कोणी कसं मत दिलं हेही जाहीर करावं लागतं. त्यामुळे इतिवृत्तं सहज मिळाली. पण कितीतरी विषय ‘कन्सेंट कॅलेंडर’खाली एकगठ्ठा मंजूर झालेत, चर्चा शून्य! त्यातून एखाद्या सदस्याची खरी भूमिका कशी ओळखायची? व्हिडिओ बघत बसणं हाच मार्ग आहे का?

देणग्यांचंही तसंच. कौन्सिलच्या वेळचे फॉर्म ४६० (प्रचाराच्या देणग्या आणि खर्चाचा हिशेब) सिटी क्लर्ककडे, आताचे राज्याच्या कॅल-ॲक्सेस या वेबसाइटवर. दोन्हीकडचे देणगीदार ताडून बघायची सोपी रीत कोणी वापरली आहे का? त्यांची जमीन आणि गुंतवणूक कळावी म्हणून फॉर्म ७०० (आर्थिक हितसंबंधांचं जाहीर विवरण) बघतेच आहे.

प्राथमिक फेरीतून पक्ष कोणताही असो, पहिले दोघंच पुढे जातात. म्हणून नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीपर्यंत थांबायचं नाहीये. शहराचं काम केलेला माणूस ८० जणांच्या असेंब्लीत कसा वागेल, हे तुम्ही कशावरून ठरवता? तुमचा अनुभव जरूर सांगा.