पायथन ३.८ सोडलं की सुटणार कोण?

जुळारी: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करणाऱ्या आपल्या लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला) पुढच्या आवृत्तीपासून किमान पायथन ३.१० (पायथन म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा) लागणार, अशी पोस्ट काल पडली. कारण काय, तर ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्येच संपला, "आता वापरतं कोण". मी वापरतो! आमच्या प्रेसमधली दोन मशीन विंडोज ७ वर आहेत, त्यावर ३.८ च्या पुढचं पायथन चढतच नाही. तिथेच पेजमेकरमध्ये (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) पत्रिका लागतात, जुना मजकूर सगळा तिथेच आहे. ज्यांच्यासाठी टूल बनवलं त्यांनाच बाहेर काढताय.

निळीशाई: मेंटेनर, म्हणजे ही लायब्ररी सांभाळणारा, मीच. मात्रांचे नियम आता मॅच-केस या पायथनमधल्या रचनेत लिहिलेत, ती ३.१० पासूनच आहे, ३.८ वर ती फाइल इम्पोर्ट करतानाच (वापरायला घेतानाच) सिंटॅक्स एरर येते, म्हणजे पायथनला ती वाचताच येत नाही. आणि तुमचं काही बंद पडत नाहीये, रिक्वायर्स-पायथन (किमान कोणतं पायथन लागेल ती नोंद) नीट लिहिलं की पिप, म्हणजे लायब्ररी उतरवून देणारं टूल, तुम्हाला जुनी चालणारी आवृत्तीच देतं.

जुळारी: जुनी देतं म्हणजे बगसकट देतं ना! मागच्या महिन्यात "आपण साऱ्यांनी अगत्य येण्याचे करावे" याचं "सार्यांनी" झालं, अर्ध्या र चा रफार झाला आणि पाचशे पत्रिका तशाच छापल्या गेल्या. पुन्हा छापल्या त्या माझ्या खिशातून. दुरुस्ती फक्त नव्या आवृत्तीत आहे.

टर्मिनलकर: विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलाय, ते मशीन बदला आधी. तुमच्या हार्डवेअरचा भार फुकट काम करणाऱ्याने का उचलायचा?

जुळारी: फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्ससाठी मशीनला लावायची किल्ली) नव्या विंडोजवर लागत नाही, कंपनीला तीनदा फोन केला, नवं लायसन्स घ्या म्हणाले. अठरा वर्षांचं काम त्या फॉन्टमध्ये आहे. मशीन बदला म्हणायला काय जातं.

सह्याद्री_९०: डोंगलचं अगदी खरंय, आमच्याकडे तेवढ्यासाठी एक जुना पीसी झाकून ठेवलाय. पण नवं पायथन घालायच्या नादात मी उबुंटू २०.०४ वर (लिनक्सचा एक प्रकार) सिस्टिमच्या पायथन३ ची लिंकच नव्या पायथनकडे फिरवली आणि ॲप्ट, म्हणजे सॉफ्टवेअर घालायचं टूल, बंद पडलं, त्याचा एपीटी_पीकेजी हा भाग सापडत नाही म्हणे, अख्खी रात्र गेली. "अपग्रेड करा" हे एवढं सोपं नसतं.

टर्मिनलकर: सिस्टिमच्या पायथनला हात लावायचाच नसतो! वेगळं घालून व्हेन्व (कामापुरतं स्वतंत्र पायथन) करायचं, दहा मिनिटांचं काम. स्वतःची चूक व्हर्जनवर ढकलू नका.

सह्याद्री_९०: चूक माझीच, मान्य. पण रीडमीमध्ये (लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) हे एक ओळ लिहिलं असतं तर?

निळीशाई: रीडमीत आजच टाकतो. पण सहा व्हर्जनवर टेस्ट चालवायच्या, प्रत्येक पीआर (कोणी पाठवलेला बदल) अडकणार, रविवार त्यातच जातो माझा. जुळारी, "वापरतं कोण" हे लिहायला नको होतं, मागे घेतो. ३.८ साठी जुनी शाखा (कोडची वेगळी प्रत) ठेवतो, अक्षरं चुकवणारे बग तेवढे तिथे दुरुस्त होतील, नवीन काही नाही. विंडोज ७ वर टेस्ट तुम्ही करायची, माझ्याकडे ते मशीन नाही.

जुळारी: मनासारखं नाही झालं, पण चालेल. अर्ध्या र चे चाळीस शब्द जमवलेत, रात्री पाठवतो. "दऱ्या" आणि "दर्या" दोन्ही त्यात आहेत, दोन्ही वेगवेगळे आले पाहिजेत.