मदत हवी आहे: पित्तनलिकेच्या कर्करोगातील कावीळ, वयस्कर रुग्णासाठी स्टेंट की बाहेरची नळी?

नमस्कार. माझ्या ८१ वर्षांच्या सासऱ्यांना पित्तनलिकेचा कर्करोग आहे. यकृतातून येणाऱ्या उजव्या आणि डाव्या नलिका जिथे एकत्र येतात नेमकी तिथेच गाठ आहे आणि ती रक्तवाहिन्यांपर्यंत पोचल्याने शस्त्रक्रिया शक्य नाही. केमोथेरपी त्यांनी स्वतःच नाकारली असून आम्हाला त्यांचा निर्णय मान्य आहे.

आता प्रश्न आहे तो काविळीचा. रक्तातले बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) १८ वर गेले आहे, अन्नावरची वासना उडाली आहे आणि खाज तर इतकी की झोपेत खाजवून पोटऱ्या रक्ताळतात, म्हणून सासूबाई रात्री त्यांच्या हातांत सुती मोजे घालून ठेवतात. खाजेसाठी कोलेस्टायरामिनची पावडर देऊन पाहिली, पण ती आतड्यात आलेल्या पित्तावर काम करते आणि इथे पित्त आतड्यापर्यंत जेमतेमच पोचत असल्याने उपयोग झाला नाही. आता खाजेसाठीच रिफाम्पिसिन हे दुसरे औषध सुरू केले आहे.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला, ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून स्टेंट (अडलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवणे. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो. धातूचा जास्त टिकतो, पण महाग असतो. शिवाय गाठ या जागी असताना निदान अर्ध्या यकृताचा तरी निचरा व्हावा लागतो आणि ज्या भागात डाय (एक्स-रेत नलिका दिसाव्यात म्हणून सोडलेला द्रव) शिरूनही निचरा होत नाही तिथे जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. दुसरा, पीटीबीडी, म्हणजे बरगड्यांजवळून थेट यकृतात नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढणे. यात कोणत्या बाजूचा निचरा करायचा हे नेमके ठरवता येते आणि पुढे त्याच वाटेने आत धातूचा स्टेंटही बसवता येतो. मात्र तोवर पिशवी सांभाळायची, पित्ताबरोबर जाणारे पाणी व क्षार भरून काढायचे आणि नळी निसटू द्यायची नाही, हे सारे घरच्यांवर येते. कोणताही मार्ग निवडला तरी रक्त गोठण्याची तपासणी आधी करावी लागेल. रक्त नीट गोठावे म्हणून व्हिटॅमिन के सुरू आहे.

माझ्या मते रिपोर्टातला आकडा किती उतरतो यापेक्षा त्यांना शांत झोप लागते का आणि दोन घास गोड लागतात का, हे महत्त्वाचे आहे. म्हणून ज्यांच्या घरी एवढ्या वयाच्या रुग्णावर यांपैकी काही केले असेल त्यांनी कृपया सांगावे: खाज किती दिवसांत कमी झाली? भूक परतली का? पिशवी लावलेल्या माणसाला कुशीवर झोपता येते का? काहीच न करता केवळ औषधांवर कोणी राहिले असल्यास तोही अनुभव मला हवा आहे.

काविळीची माळ किंवा झाडपाल्याचे औषध कृपया सुचवू नये. ही कावीळ वाट अडल्यामुळे झालेली आहे आणि तशा उपायांनी ती वाट मोकळी होणार नाही.

आम्ही चिपळूणला राहतो. स्टेंट तुंबून रात्री थंडी वाजून ताप भरला, तर पुण्या-मुंबईला निघण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात अँटिबायोटिक सुरू करून घेण्याची सोय तुम्ही आधी कशी करून ठेवली होती, तेही सांगावे.